‘रोग कसा झाला?’ : एड्सविषयक चित्रपटांतील निवेदन आणि प्रबोधन

१

एखाद्या साथीच्या रोगाविषयी समाजात जागृती करणे हे काम प्रथमदर्शनी आरोग्यखात्याचे वाटते. रोगाची कारणे, प्रसाराचे मार्ग आणि प्रतिबंधाचे उपाय सांगितले की ते संपले, असा सर्वसाधारण समज असतो. एड्सच्या बाबतीत मात्र हा समज अपुरा ठरला. जून १९८१ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील पाच तरुण पुरुषांच्या असाधारण आजाराची नोंद वैद्यकीय अहवालात प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणूचा शोध लागेपर्यंत या रोगाभोवती भीतीची व निंदेची एक स्वतंत्र भाषा तयार होऊन गेली होती. रोगाला नाव मिळण्यापूर्वीच रोग्यांना नावे ठेवली गेली. समलिंगी पुरुष, अमली पदार्थ टोचून घेणारे आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांच्याशी हा रोग जोडला गेला व उरलेल्या समाजाने स्वतःला त्यापासून मुक्त मानले. भारतात १९८६ मध्ये चेन्नई येथे संसर्गाची पहिली प्रकरणे उजेडात आली, तेव्हा येथेही याच भाषेचा आधार घेतला गेला.

ही भाषा बदलणे केवळ माहितीपत्रकांना शक्य नव्हते. माहिती अज्ञान दूर करते, परंतु तिरस्काराचे मूळ दर वेळी अज्ञानात असतेच असे नाही. हस्तांदोलनाने किंवा एका ताटात जेवल्याने हा विषाणू पसरत नाही हे पाठ असलेला मनुष्यही बाधित शेजाऱ्याच्या घरचा चहा टाळतो. अशा ठिकाणी कथेची, आणि बहुसंख्य लोकांपर्यंत पोहोचणारा कथाप्रकार म्हणून चित्रपटाची, गरज निर्माण होते.

मराठी वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. फडके आणि खांडेकर यांच्या नावांशी निगडित असलेल्या ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादात बोध आणि कला यांच्या संबंधाची चर्चा पुष्कळ झाली आहे. तथापि त्या वादात बोध हा बहुधा कलाकृतीत बाहेरून आणून ठेवलेला आशय मानला गेला. एड्सविषयक चित्रपटांचा विचार करता बोधाचे खरे स्थान पात्रांच्या तोंडच्या उपदेशात नसून निवेदनाच्या रचनेत असते, असे दिसून येते. कोणाची कथा सांगायची, ती कोणाच्या दृष्टीतून सांगायची, आणि विशेषतः ‘रोग कसा झाला?’ या प्रश्नाला कथेत कोणते स्थान द्यायचे, या निर्णयांवर प्रबोधनाचे स्वरूप अवलंबून राहते. पुढील विवेचनात चार चित्रपटांच्या आधारे या तिसऱ्या मुद्द्याचा विचार केला आहे.

२

महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘निदान’ (२०००) हा हिंदी चित्रपट मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या वातावरणात घडतो. शिवाजी साटम आणि रीमा लागू यांनी साकारलेल्या आईवडिलांच्या तरुण मुलीला, चढवलेल्या रक्तातून एच.आय.व्ही.चा संसर्ग होतो. कुटुंबाचा आक्रोश, मुलीचे क्षीण होत जाणे आणि तिला आनंदाचे काही दिवस मिळावेत म्हणून चाललेली धडपड हा चित्रपटाचा विषय आहे. ज्या प्रेक्षकवर्गाने या रोगाचा उच्चारही घरात केला नसता, त्याला चित्रपटाने या विषयासमोर बसवले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु या रचनेत एक अट दडलेली आहे. नायिकेला रोग रक्तातून झालेला असल्याने तिच्या आचरणाविषयी प्रश्न उद्भवत नाही. प्रेक्षकाची सहानुभूती निःशंकपणे वाहू शकते, कारण ती कोठेही अडखळणार नाही अशी व्यवस्था कथेनेच करून ठेवलेली असते. करुणरसाच्या परिपोषासाठी आलंबन निर्दोष असावे, ही अपेक्षा आपल्या कथापरंपरेत खोल रुजलेली आहे. मात्र रोगाच्या संदर्भात एकाला ‘निर्दोष’ म्हटले की दुसरा आपोआप दोषी ठरतो. रक्तातून बाधित झालेल्या मुलीसाठी रडणारा प्रेक्षक अन्य मार्गाने बाधित झालेल्या तरुणाबद्दल तितकाच कठोर राहू शकतो. अशा कथेने अश्रू मिळवले, तरी दृष्टी बदललीच असे म्हणता येत नाही.

३

जोनाथन डेमी यांचा ‘फिलाडेल्फिया’ (१९९३) याच अडचणीला वेगळ्या प्रकारे सामोरा जातो. हॉलिवुडच्या मोठ्या निर्मितीसंस्थेने एड्सवर काढलेल्या आरंभीच्या चित्रपटांत त्याची गणना होते आणि त्यातील भूमिकेसाठी टॉम हँक्स यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक लाभले. अँड्र्यू बेकेट या समलिंगी वकिलाला त्याची वकिली संस्था अकार्यक्षमतेचे निमित्त करून कामावरून काढते. त्याचा दावा चालवणारा जो मिलर (डेन्झेल वॉशिंग्टन) हा स्वतः समलिंगी व्यक्तींविषयी पूर्वग्रह बाळगणारा आहे. बेकेटशी पहिली भेट झाल्यावर तो ज्या वस्तूंना हात लावतो त्यांच्याकडे मिलर साशंकपणे पाहत राहतो आणि नंतर घाईने आपल्या डॉक्टरांना गाठतो. डॉक्टर त्याला शास्त्रीय माहिती देतात, ती त्याला कळतेही. परंतु त्यामुळे तो दावा स्वीकारत नाही. तो बदलतो ग्रंथालयातील प्रसंगानंतर. तेथील कर्मचारी बेकेटला स्वतंत्र खोलीत बसण्याचा पुन्हापुन्हा आग्रह करतो, आणि दुरून ते पाहणारा कृष्णवर्णीय मिलर उठून बेकेटच्या टेबलापाशी येतो. माहिती आणि जाणीव यांतील अंतर या दोन प्रसंगांच्या क्रमातून स्पष्ट होते. मिलरला दुसऱ्याचा अपमान स्वतःच्या समाजाच्या अनुभवातून ओळखता आला, हे दिग्दर्शकाने एकाही संवादाशिवाय सुचवले आहे.

‘रोग कसा झाला?’ हा प्रश्न या चित्रपटात प्रतिपक्षाचे शस्त्र म्हणून येतो. भर न्यायालयात बेकेटच्या खाजगी आयुष्याची उलटतपासणी होते आणि त्याच्या वर्तनातील एक अडचणीची गोष्ट उघड होते. चित्रपट ती लपवत नाही. त्याचबरोबर रक्तातून बाधित झालेली एक स्त्री साक्षीदार म्हणून उभी राहते. तिच्या आजाराकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात, हे तिच्या तोंडून वदवून घेण्याचा प्रयत्न होतो. पण अन्य रोग्यांपेक्षा आपण वेगळ्या आहोत हे ती मान्य करत नाही आणि दोषी-निर्दोष ही भाषाच नाकारते. ‘निदान’ची कथा ज्या विभागणीवर उभी आहे, तिचे खंडन या छोट्या साक्षीत झालेले आहे. अर्थात चित्रपटाच्या मर्यादाही आहेत. बेकेट आणि त्याचा जोडीदार यांच्यातील प्रेमाचे चित्रण फार जपून केलेले आहे, ही त्यावरील टीका रास्त आहे. सामान्य प्रेक्षक दुखावू नये याची काळजी येथेही घेतली गेली.

४

दक्षिण आफ्रिकेतील ‘यस्टरडे’ (२००४) हा डॅरेल रूट यांचा झुलू भाषेतील चित्रपट हा प्रश्न न्यायालयातून उचलून खेड्याच्या पायवाटेवर आणतो. नायिकेचे नावच यस्टरडे, म्हणजे ‘काल’, आहे. आजच्यापेक्षा कालचे दिवस बरे होते म्हणून वडिलांनी ते ठेवलेले. पती जोहान्सबर्गच्या खाणीत कामाला आणि ही निरक्षर स्त्री लहान मुलीसह गावी. दवाखाना मैलोगणती दूर. पायी जावे तर रांग मोठी, आणि नंबर लागण्यापूर्वीच डॉक्टरांची वेळ संपलेली. संसर्ग पतीकडून झाला हे तिला समजते. ती त्याला सांगायला शहरात जाते, तेव्हा तो तिला मारहाण करतो. पुढे तोच खंगून गावी परततो आणि गावाने वाळीत टाकलेल्या त्या माणसासाठी ती गावाबाहेर भंगारातल्या पत्र्यांची खोली उभारून त्याची शुश्रूषा करते.

येथे ‘रोग कसा झाला?’ या प्रश्नाचे उत्तर आहे, पण त्या उत्तरावर कथा थांबत नाही. पतीला दोषी ठरवणे सोपे होते. चित्रपट मात्र कुटुंबे तोडून पुरुषांना खाणीवर नेणाऱ्या व्यवस्थेकडे आणि स्त्रीच्या चालण्यातून मोजल्या जाणाऱ्या दवाखान्याच्या अंतराकडे लक्ष वेधतो. पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या पुरुषांची आणि गावी राहिलेल्या त्यांच्या स्त्रियांची परिस्थिती जाणणाऱ्या महाराष्ट्रातील प्रेक्षकाला हे चित्र दूरचे वाटू नये. मुलगी शाळेत जाईपर्यंत जगायचे, एवढाच यस्टरडेचा संकल्प आहे. आणि शाळेच्या पहिल्या दिवशी चित्रपट संपतो.

५

ओनिर दिग्दर्शित ‘माय ब्रदर... निखिल’ (२००५) या हिंदी चित्रपटाचा गोव्याशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या गोमंतकीय तरुणाला, रक्तदानानंतर तो एच.आय.व्ही. बाधित असल्याचे आढळल्याने, तेथील सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस एकांतवासात डांबण्यात आले. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. त्याची सुटका झाली, परंतु अलगीकरणाची तरतूद न्यायालयाने अखेरीस वैध ठरवली. १९९२ मध्ये, बाधितांसाठी संस्था उभारण्याच्या खटपटीत असतानाच, त्याचे निधन झाले. चित्रपटाचा नायक निखिल (संजय सुरी) हे मात्र स्वतंत्र, कल्पित पात्र आहे. तो जलतरणपटू आहे आणि कथा १९८७ ते १९९४ या काळात घडते.

या चित्रपटाची निवेदनपद्धती विशेष लक्षणीय आहे. निखिलच्या मृत्यूनंतर बहीण अनामिका (जुही चावला), आईवडील आणि जोडीदार नायजेल हे कॅमेऱ्यासमोर बसून त्याच्याविषयी बोलतात. साक्षीदारांच्या जबान्यांसारखी ही रचना आहे. परंतु येथे आरोपी निखिल नसून त्याला एकटे पाडणारे लोक आहेत, आणि त्यांत बोलणारे आईवडीलही आहेत. पोहणाऱ्या निखिलला पाहून इतर खेळाडू तलावाबाहेर पडतात. ज्या पाण्यात त्याने नाव कमावले, तेच पाणी त्याच्यामुळे ‘विटाळते’. स्पृश्यास्पृश्यतेचा इतिहास ठाऊक असलेल्या समाजाला या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आणि या कथेत ‘रोग कसा झाला?’ या प्रश्नाचे उत्तरच दिलेले नाही. ही उणीव नव्हे. ती रचनेची भूमिका आहे. प्रेक्षक उत्तराची वाट पाहत राहतो, ते मिळत नाही, आणि त्यावाचूनही निखिलवर बहिणीसारखे प्रेम करता येते, हे त्याच्या ध्यानात येते. शीर्षकातील ‘माझा भाऊ’ हे शब्द हाच संबंध सांगतात. सहानुभूतीला पात्रतेची अट नसावी, हा बोध येथे उपदेशातून न येता मौनातून येतो.

६

एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. माहिती जुनी होते. कलाकृतीतली माहितीही त्याला अपवाद नाही. १९९६ पासून उपलब्ध झालेल्या संयुक्त औषधोपचारांनी या रोगाचे स्वरूप पालटले. भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळू लागली. नियमित औषधे घेऊन ज्यांच्या रक्तातील विषाणू तपासणीत न आढळण्याइतका कमी झालेला असतो, त्यांच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. बाधितांविरुद्धच्या भेदभावाला मनाई करणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. त्याच महिन्यात समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयही झाला. जगात आज सुमारे चार कोटी लोक या विषाणूसह जगत आहेत. असे असता, वर उल्लेखिलेल्या चारही चित्रपटांवर मृत्यूची छाया आहे. त्यामुळे हे चित्रपट आज दाखवताना किंवा शिकवताना त्यांच्या काळाचा निर्देश केला नाही, तर एके काळी जागृती करणारी कलाकृतीच ‘हा रोग म्हणजे मरण’ या कालबाह्य समजुतीची वाहक ठरण्याचा धोका आहे.

परंतु या चित्रपटांचे सर्वच काही कालबाह्य झालेले नाही. औषधाने विषाणू आटोक्यात येतो. तिरस्कार येत नाही. तपासणी टाळणारा, किंवा औषधाची बाटली घरच्यांपासून लपवणारा माणूस विषाणूपेक्षा त्या एका प्रश्नाला अधिक भितो. म्हणूनच एड्सविषयक कलाकृतीचे मूल्यमापन करताना तिने किती माहिती दिली हे पाहणे पुरेसे नाही. तो प्रश्न ओठांवर आलेला असताना प्रेक्षकाला तो गिळायला तिने शिकवले काय, हेही पाहिले पाहिजे.