आवाज आवडतो, म्हणून?

अगं, मेसेज वाचला तुझा. तुझ्या गायक मित्राने ‘माझी मॅनेजर हो’ म्हटलं आणि तू थेट नोकरी सोडायला निघालीस! जरा दमाने घे. त्याचा गळा गोड आहे, वादच नाही. पण तुला दिवसभर ऐकावं लागेल ते आयोजकांचं: “थोडं कमी करा ना ताई, आपल्याच मंडळाचा कार्यक्रम आहे.” आयोजकांच्या बाजूने मीच अशी घासाघीस करत आलेय, म्हणून सांगते.

आधी हिशेब करू. समज, मानधन ६० हजार ठरलं. चार साथीदारांना सहा-सहा हजार, गाडी-जेवणाला सहा हजार. उरले ३० हजार. आता तुझे १५ टक्के कशावर? साठावर धरले तर नऊ हजार, तिसावर धरले तर साडेचार. हे आज लाजेपोटी बोलली नाहीस, तर उद्या भांडून बोलशील. शिवाय कामं वर्षभर सारखी नसतात. आषाढीला अभंग, मग गणपती, नवरात्र. दिवाळी पहाटेला तर सगळ्यांना तीच एक सकाळ हवी असते. मधल्या पितृपक्षात मात्र फोन गप्प. तेव्हा पगार इतक्यात सोडू नकोस.

कामही नीट समजून घे. ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय तारीख अडवायची नाही. साउंड चेकला वेळ किती, ते आधीच पक्कं करायचं. मोकळ्या मैदानावर रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद. बारापर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्याच दिवशी. पाहुण्यांची भाषणं साडेनऊपर्यंत लांबली, तर तो गाणार कधी? ते भाषण आवरतं घ्यायला सांगणारी तूच. आणि तो चाली स्वतः बांधतो ना? मग आयपीआरएसचा, म्हणजे संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, सभासद आहे का, बघ. २०१२च्या कायदादुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. पण यानं नावच नोंदवलं नसेल, तर तो वाटा याच्यापर्यंत पोचायचा कसा?

दोन गोष्टी मात्र माणूस म्हणून पारख. कार्यक्रम संपल्यावर तबलजीचे पैसे तो त्याच रात्री देतो, की ‘बघू नंतर’ म्हणतो? साथीदाराला थकवणारा तुलाही थकवेल. आणि ‘आज सूर लागला नाही तुझा’ हे तुला त्याच्या तोंडावर म्हणता येतं का? बाकी सगळे वा वा करतील. तूही त्यांच्यातलीच झालीस, तर त्याला तुझा उपयोग काय?

माझं ऐकशील तर गणपती ते दिवाळी एवढा एकच हंगाम कर. टक्केवारी, ती कशावर, कुठली कामं तुझी, वेगळं व्हायचं तर किती आधी सांगायचं, सगळं कागदावर घे. मैत्री आहे, म्हणून तर जास्तच. मग स्वतःला विचार: याच्या जागी दुसरा गायक असता, तरी मी हे काम केलं असतं का? ‘हो’ आलं, तर खुशाल उडी घे. ‘नाही’ आलं, तर तिकीट काढून ऐक त्याला. तिकीट काढणाऱ्यांचीही त्याला तेवढीच गरज आहे.