‘पडीक’ आणि ‘मालकी’ : शहादा परिसर व अमेरिकेचा पश्चिमविस्तार

जमिनीच्या इतिहासाची चर्चा बहुधा कायदे आणि आकडे यांच्या आधारे केली जाते. परंतु जमीन हातची जाण्यापूर्वी तिला एक नाव दिले जाते, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाने ध्यानी घ्यावयास हवे. प्रस्तुत टिपणात ‘पडीक’ व ‘मालकी’ या दोन शब्दांचा त्या दृष्टीने विचार केला आहे.

नांगराखाली नसलेली जमीन मोकळी असते आणि तिच्यात श्रम घालणारा तिचा धनी होतो, अशी अमेरिकेतील गोऱ्या वसाहतकाऱ्यांची धारणा होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने तिला कायद्याचे रूप दिले : पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणाऱ्यास १६० एकर. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ च्या निबंधात अमेरिकी लोकशाहीची घडण या ‘मोकळ्या’ जमिनीतच पाहिली. तेथील मूलनिवासी मात्र या शब्दात मावत नव्हते.

१८१८ मध्ये इंग्रजी अमलाखाली आलेल्या खानदेशातही महसुली दप्तराने न कसलेली जमीन ‘पडीक’ ठरवली आणि तिची लागवड म्हणजे प्रगती असे मानले. तापीकाठच्या काळ्या जमिनीत गुजर आदी कसबी शेतकऱ्यांनी शेती भरभराटीस आणली, हे खरेच. परंतु भिल्लांच्या फिरत्या शेतीला आणि वनावरील वहिवाटीला त्या दप्तरात रकाना नव्हता.

तथापि आदिवासींची जमीन केवळ मालकी नाकारल्याने गेली असे नाही; ती मालकी दिल्यानेही गेली. अमेरिकेत १८८७ च्या डॉझ कायद्याने मूलनिवाशांच्या सामायिक जमिनीची व्यक्तिगत वाटणी केली व उरलेली जमीन वसाहतकाऱ्यांना खुली केली. मूलनिवाशांकडील सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन १९३४ पर्यंत सुमारे ४ कोटी ८० लाख एकरांवर आली. खानदेशात रयतवारीने दिलेली मालकी गहाण टाकता व विकता येण्याजोगी होती. कर्जापायी जमीन सावकाराकडे वा मोठ्या शेतकऱ्याकडे गेली आणि अनेक भिल्ल कुटुंबांवर दुसऱ्याच्या शेतात सालदारकी करण्याची वेळ आली.

१९७० च्या दशकारंभी अंबरसिंग सुरतवंती यांनी आणि १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने शहाद्यात हा प्रश्न ऐरणीवर आणला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद महाराष्ट्राच्या १९७४ च्या कायद्याने केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा हस्तांतरणावर पूर्वपरवानगीचा निर्बंध घातला. ‘मालक’ म्हणजे ‘विकण्यास मोकळा’ हे समीकरण येथे ठामपणे नाकारले गेले, असे म्हणता येईल.

याच चळवळीतील कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा भिल्ली कवितासंग्रह म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. मराठी ग्रामीण साहित्यातील भूमिप्रेम पुष्कळदा सातबाऱ्यावर नाव असलेल्या कुणब्याच्या नजरेतून व्यक्त होते. ते शिकवताना ‘गोधड’ शेजारी ठेवल्यास, एकाच शिवाराला ‘पडीक’ म्हणणारा कोण आणि ‘आपले’ म्हणणारा कोण, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे आपोआप उभा राहील.