आधी आकडा, मग टॉर्च

चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी दुखऱ्या डोळ्याचा रुग्ण बहुतेकदा आधी सिस्टरसमोर येऊन बसतो. डोळ्यांचे डॉक्टर रोज हजर असतीलच असे नाही. सोयाबीनच्या मळणीत उडालेले कुटार, पऱ्हाटी उपटताना बसलेला फटका, फवारणीचा उडालेला थेंब आणि वर्षानुवर्षे पिकत गेलेला मोतीबिंदू या सगळ्यांची पहिली नोंद तिच्याच हातून होते. त्या नोंदीत नजरेचा आकडा नसेल, तर डोळा काल कसा होता आणि आज सुधारला की बिघडला, हे पुढच्या डॉक्टरांना कळत नाही. म्हणून डोळ्यावर टॉर्च मारण्याआधी, थेंब टाकण्याआधी आणि पट्टी बांधण्याआधी नजर मोजून लिहा.

याला अपवाद एकच. डोळ्यात चुना, आम्ल, फवारणीचे औषध किंवा कसलेही रसायन गेले असेल, तर आधी धुवा. सलाईनची बाटली टांगून नळीची धार सोडा. सलाईन नसेल तर स्वच्छ पाणी चालेल. निदान अर्धा तास धुवा. वरची पापणी उलटून आतले कण ओल्या कापसाच्या बोळ्याने काढा. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलांच्या हाती फुटते तेव्हा चुना पापणीखाली दडून बसतो आणि बुबुळ जाळत राहतो. इथे केसपेपर नंतर.

बाकी रुग्णांना आधी बोलते करा. कोणता डोळा, कधीपासून, एकदम की हळूहळू, दुखतो की नुसते धुकट दिसते? पाणी येते की चिपडे? साखर आहे का, घरात कोणाला काचबिंदू आहे का, हेही विचारा. “आजी, डोयात काय काय टाकलं?” हा प्रश्न कधीच गाळू नका. मध, दूध, तूप, शेजाऱ्याच्या उरलेल्या बाटलीतले थेंब, सगळे निघते. बाटली आणली असेल तर नाव वाचा. काडीकचऱ्याच्या जखमेत अनेकदा बुरशी शिरते. अशा डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब गेले की लाली तात्पुरती उतरते, पण आतला व्रण खोल जातो.

आता नजर. तक्त्यापासून ६ मीटरवर फरशीला पट्टी चिकटवून ठेवा. खोली लहान असेल तर ३ मीटरवर आरसा लावून उलट अक्षरांचा तक्ता वापरा. तक्ता झेरॉक्स किंवा मोबाइलवरून छापलेला असेल तर फूटपट्टी लावून बघा: ६ मीटरच्या तक्त्यावर ६/६० चे सर्वांत मोठे अक्षर साधारण ८७ मिलिमीटर उंच हवे. ते लहान निघाले तर त्यावर मोजलेली प्रत्येक नजर चूक. उजेड तक्त्यावर पडू द्या, रुग्णाच्या डोळ्यावर नको.

वाचता न येणाऱ्यांसाठी ई तक्ता असतो. हाताची तीन बोटे ईसारखी धरून कोणत्या दिशेला वळवायची, ते आधी जवळून शिकवा. हे एक मिनिट वाचवू नका. आजीला खेळच कळला नसेल, तर तुम्ही तिची नजर नाही, तिचा गोंधळ मोजत असता.

उजवा डोळा आधी, डावा नंतर, अशी एकच सवय ठेवा. दुसरा डोळा तळव्याने झाकायला सांगा, बोटांनी नाही, कारण बोटांच्या फटीतून दिसते. डोळा दाबू द्यायचा नाही; दाबलेला डोळा उघडल्यावर थोडा वेळ धुकट बघतो. आधी चष्म्याशिवाय, मग लांबचा चष्मा असेल तर लावून. वरून खाली वाचत जा आणि जी शेवटची ओळ नीट वाचली ती लिहा. ६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला जे १८ मीटरवरून दिसते, ते या डोळ्याला ६ मीटरवरून दिसले.

वरचे अक्षरही दिसले नाही तर “दिसत नाही” लिहून मोकळे होऊ नका. रुग्णाला एकेक मीटर पुढे आणा: ५/६०, ४/६०, ३/६०. २०१७ पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल तर अंधत्व धरतात, म्हणजे या आकड्यावर माणसाची पुढची वाट ठरते. त्याहून कमी असेल तर बोटे मोजायला लावा आणि किती अंतरावरून मोजली ते लिहा. तेही जमले नाही तर हात हलवून दाखवा. शेवटी टॉर्चचा उजेड कळतो का, आणि तो वरून, खालून, उजवीकडून की डावीकडून येतो ते विचारा. पिकलेल्या मोतीबिंदूतही उजेडाची दिशा कळायला हवी. ती कळत नसेल तर मागच्या पडद्यात किंवा नसेत बिघाड असण्याची शक्यता मोठी, आणि शस्त्रक्रियेच्या शिबिराला रुग्ण नेण्याआधी हे डॉक्टरांना ठाऊक हवे.

नजर ६/९ पेक्षा कमी निघाली तर पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून त्यातून तक्ता वाचायला द्या. दोन-तीन ओळी खाली उतरल्या तर बहुधा प्रश्न चष्म्याचा आहे. चाळिशीच्या पुढच्यांना जवळचा तक्ता साधारण ३५ सेंटिमीटरवर धरायला द्या.

यानंतर हात धुवा आणि टॉर्च घ्या. बाहेरून आत जायचे: पापण्या, आत वळलेले केस, रांजणवाडी, पांढऱ्या भागातली लाली, नाकाकडून चढणारा वडस. उजेड बाजूने तिरपा टाकला की बुबुळावरचा ओरखडा किंवा फूल दिसते. मुलांच्या पांढऱ्या भागावर फेसाळ डाग दिसला तर रात्री अडखळते का ते आईला विचारा. ती जीवनसत्त्व अ कमी असल्याची खूण. लहान मुलाची बाहुली पांढरी दिसली तर त्याच दिवशी पाठवा.

बाहुल्यांवर जरा थांबा. दोन्ही सारख्या आहेत का, उजेडाने आकसतात का, एकीवर उजेड टाकल्यावर दुसरीही आकसते का? मग टॉर्च दोन-दोन सेकंद या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरवा. उजेड आला तरी बाहुली फुगत गेली, तर त्या बाजूच्या नसेचे दुखणे समजा. फवारणीच्या दिवसांत कोणी मळमळ, घाम, लाळ घेऊन आला आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर तो डोळ्याचा रुग्ण नाही, विषबाधेचा आहे. ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक माणसे गेली. आपल्या भागातही तीच कपाशी आणि तेच पंप आहेत.

नजरेचा पसारा पाहायला साधारण एक मीटरवर समोरासमोर बसा. रुग्णाने डावा डोळा झाकला की तुम्ही उजवा झाका आणि बोटे चारी बाजूंनी आत आणा. तुम्हाला दिसतात तेव्हाच त्यालाही दिसायला हवीत. मग डोके न हलवता बोटामागे नजर फिरवायला सांगा आणि दोन-दोन दिसते का विचारा.

डोळे आल्याच्या साथीत क्रम तोच, पण प्रत्येक रुग्णानंतर साबणाने हात धुवायचे, टॉर्च पुसायची, आणि डोळा झाकायला झाकणी वापरली असेल तर तीही. इथे मात्र बरा डोळा आधी, आलेला नंतर. एका डोळ्याला लावलेला कापूस दुसऱ्याला नाही. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर साथ होती आणि सर्वाधिक रुग्णांच्या जिल्ह्यांत बुलढाणा होता. साध्या डोळे येण्यात नजर फारशी उतरत नाही. उतरली असेल, उजेड सहन होत नसेल किंवा डोळा ठणकत असेल, तर तो साथीचा म्हणून परत पाठवू नका.

लाल डोळा, डोकेदुखी, उलटी आणि अर्धवट फुगलेली, न हलणारी बाहुली असेल तर काचबिंदूचा झटका समजा. अचानक गेलेली नजर किंवा चमका मारून आलेला पडदा, यांनाही सकाळपर्यंत थांबवू नका, जिल्ह्याच्या गावी बुलढाण्याला पाठवा. डोळा फुटल्याची शंका असेल तर पापणी दाबून उघडू नका, थेंब टाकू नका, कापसाची पट्टी आवळू नका. हाडांवर टेकेल असे कडक झाकण किंवा कागदी कपाचे बूड चिकटपट्टीने लावा, खाणेपिणे बंद ठेवा. चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांची नजर वेळेसह, घातलेले औषध आणि शेवटचे जेवण कधी झाले ते लिहून चिठ्ठी सोबतच्या माणसाच्या हाती द्या.