सामान्य ज्ञानाचा पाठ : उत्तरापासून कारणापर्यंत
(ठाणे-कल्याण परिसराच्या आधारे, इयत्ता चौथी ते सातवी)

प्राथमिक शाळेतील सामान्य ज्ञानाचा तास हा बहुधा प्रश्नोत्तरांचा तास असतो. शिक्षकांनी विचारावे, ‘भारतातील पहिली प्रवासी आगगाडी कोठून कोठे धावली?’ आणि वर्गाने एकमुखाने उत्तर द्यावे, ‘बोरीबंदर ते ठाणे.’ उत्तर बरोबर असते, गुणही मिळतात. परंतु ‘ती ठाण्यालाच का थांबली?’ एवढे विचारले की वर्ग स्तब्ध होतो. सुटे उत्तर परीक्षेपर्यंत टिकते आणि परीक्षेबरोबर संपते. कारणासह समजलेली गोष्ट मात्र मुलाच्या जवळ राहते व तिच्या आधाराने तो पुढची गोष्ट स्वतः शोधू लागतो. खेड्यातील ज्या मुलाच्या घरी पुस्तके नाहीत, त्याला तर शोधण्याची ही सवय शाळेवाचून दुसरीकडे मिळणे कठीण. म्हणून या पाठात नवी माहिती थोडी असून परिचित माहितीची परस्परांशी सांगड घालण्यावर भर दिला आहे.

साहित्य : जिल्ह्याचा व महाराष्ट्राचा नकाशा, दोन हात लांबीची सरळ काठी, दोरी, खडू, तिथी दाखविणारी दिनदर्शिका.

१. आगगाडी व खाडी

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून निघालेल्या गाडीला १४ डबे होते. सुमारे ४०० पाहुणे तीत बसले होते आणि साहिब, सिंध व सुलतान या नावांची तीन इंजिने ती ओढीत होती. अंतर होते २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर.

येथे ‘प्रवासी’ हा शब्द गाळू नये. मद्रासजवळ रेड हिल्स येथे दगड वाहून नेण्यासाठी १८३७ मध्येच रूळ घातले गेले होते आणि रुडकी येथे कालव्याच्या कामावर १८५१ मध्ये माती वाहणारे इंजिन चालले होते. एक शब्द गळाला की खरे विधान खोटे होते, हे मुलांना या उदाहरणावरून चांगले पटते.

आता नकाशा पुढे घ्यावा. ठाण्याच्या पुढे खाडी आडवी येते व खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर. खाडीवर पूल बांधून व डोंगरातून बोगदा काढून मार्ग पुढे गेला आणि १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोचली. कल्याणपासून मार्गाला दोन फाटे फुटतात : एक कसाऱ्यावरून थळ घाटाने नाशिककडे, दुसरा कर्जतवरून बोर घाटाने पुण्याकडे. सह्याद्री ओलांडण्याच्या वाटा जेथे एकत्र येतात, तेथे मोठे स्थानक होणे स्वाभाविक होते. अशा रीतीने इतिहासाच्या प्रश्नाचे उत्तर भूगोलात सापडते.

२. बंदर व घाट

हाच न्याय दोन हजार वर्षांपूर्वीही लागू होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील सागरप्रवासाच्या ग्रंथात कल्याणचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख आहे. पूर्वी तेथे व्यापार मोकळेपणी चाले. पुढे मात्र त्या बंदरात शिरणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो ग्रंथ सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांतही दान देणाऱ्या कल्याणकरांचा निर्देश आहे. उल्हास नदीच्या खाडीतून आलेला माल कल्याणला उतरे आणि मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरला जाई. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. त्यात जकात गोळा होत असे, अशी लोकांत समजूत आहे.

नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख गणिताच्या तासालाही उपयोगी पडतो. राणी नागनिकेशी संबंधित असलेल्या या लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे व नाणी यांच्या संख्या अंकांत कोरल्या आहेत. त्यांत दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, शून्य नाही. शून्यावाचून ‘१०७’ कसे लिहावे, असा प्रश्न वर्गाला टाकावा. पाटीवर दोन-चार प्रयत्न फसले की स्थानमूल्याचे महत्त्व मुलांना आपोआप कळते.

पुढे १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली व या खाडीत जहाजे बांधविण्यास आरंभ केला. आरमारासाठी समुद्रकाठ सोडून कल्याण का निवडले असावे, याचा विचार मुलांनी नकाशा पाहून करावा. आडोशाची खाडी, जवळचे सागाचे जंगल आणि पाठीशी आपला मुलूख ही तिन्ही कारणे बहुतेक वर्गांत निघतात.

३. भरती व पाढे

खाडीकाठच्या आगरी व कोळी घरांतील मुलांना भरती-ओहोटी पाठ्यपुस्तकाच्या आधीच ठाऊक असते. त्यांच्या घरातील वडीलधारी माणसे तिथीवरून भरतीची वेळ काढतात : तिथीचा अंक पाऊणपट केला की तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणून सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास; चतुर्थीला तीनच्या सुमारास. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्यास स्थूल मानाने जुळतो. खाडीच्या आतल्या भागात भरती त्यानंतर काही वेळाने पोचते.

या हिशेबाचे कारण चंद्रात आहे. चंद्र दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. विज्ञान, पाऊणकीचा पाढा व घरचा व्यवसाय येथे एकत्र येतात. ज्या मुलाला वर्गात फारसे उत्तर देता येत नाही, तोच या वेळी इतरांना शिकवू शकतो. ही संधी शिक्षकांनी दवडू नये.

४. माध्यान्हीची सावली

‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो’ हे वाक्य सर्रास सांगितले जाते. आपल्या जिल्ह्यात ते दोन्ही बाजूंनी चुकते. भारतीय प्रमाणवेळ ८२½° पूर्व रेखावृत्तावरून ठरते. ठाणे-कल्याण ७३° च्या आसपास आहे. फरक ९½ अंशांचा. प्रत्येक अंशास ४ मिनिटे, म्हणजे ३८ मिनिटे. त्यामुळे आपला खरा मध्यान्ह साडेबाराच्या मागेपुढे, ऋतुमानाप्रमाणे थोड्या फरकाने होतो. १९०६ मध्ये प्रमाणवेळ सुरू झाल्यावरही मुंबईत कित्येक वर्षे स्वतंत्र ‘मुंबईची वेळ’ पाळली जात होती, ती याच फरकामुळे.

शिवाय सूर्य बरोबर माथ्यावर वर्षातून दोनच दिवस येतो : मेच्या मध्याला व जुलैच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास. पैकी जुलैत बहुधा ढग असतात. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीची सावली दक्षिणेस पडते, एरवी उत्तरेस. शाळेच्या अंगणात काठी उभी रोवून बारा ते एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली हीच खरी उत्तर-दक्षिण रेषा होय.

५. शिल्प व चित्र

अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठी आहे. शिलाहार राजांच्या काळातील या मंदिरातील लेखावर शके ९८२ असा काल आहे. शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्यास हे उत्तम उदाहरण आहे : १०६०. येथील गर्भगृहात पायऱ्या उतरून जावे लागते, हेही सहलीच्या वेळी दाखवावे.

वारली चित्रे तांदळाच्या पिठाने सारवलेल्या भिंतीवर काढतात. लग्नाचा चौक लिहिण्याचा मान परंपरेने सुवासिनींचा. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर व जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते निवर्तले. टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड. यावरून भूमितीचा पाठ सहज उभा राहतो.

६. उत्तरे तपासण्याची सवय

काही उत्तरे कालांतराने बदलतात. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, लोकसंख्या १,१०,६०,१४८. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. ज्या शाळांच्या भिंतींवरील जुन्या तक्त्यांत डहाणू, जव्हार ही नावे ठाणे जिल्ह्यात आहेत, तेथे तक्ता फाडून टाकू नये. त्याखाली वर्ष लिहावे. तो तक्ता मग इतिहासाचे साधन होतो.

काही उत्तरे अपुरी असतात. ‘पहिल्या भारतीय महिला डॉक्टर कोण?’ याचे उत्तर आनंदीबाई जोशी असे देतात. बालपण कल्याणात गेलेल्या आनंदीबाईंनी मार्च १८८६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी घेतली. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या व त्यांनी पुढे व्यवसाय केला. आनंदीबाई मात्र २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच वारल्या. ज्यासाठी शिकल्या ते काम त्यांना करता आले नाही. ही हकिकत सांगितल्याने आनंदीबाईंचा मान उणावत नाही. उलट त्यांनी काय पणाला लावले, हे मुलींना समजते.

शिक्षकांसाठी सूचना

आठवड्यास एकच प्रश्न घ्यावा. फळ्यावर उत्तराच्या खाली ‘का?’, ‘कोठे?’ व ‘अजून खरे आहे का?’ हे तीन प्रश्न लिहावेत. उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगून वर्गासह शोधावे. त्याने शिक्षकाची प्रतिष्ठा कमी होत नाही. मुलांनी घरातून आणलेली माहिती, सांगणाऱ्याच्या नात्यासह, वेगळ्या वहीत नोंदवून ठेवावी.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील पाणी शेवटी कोणत्या नदीस मिळते? नकाशावर मार्ग काढा.
२. आजच्या तिथीवरून भरतीची वेळ काढा.
३. शके १९४० म्हणजे इसवी सन कोणते?
४. १८५३ ची गाडी ठाण्यापुढे का गेली नाही, ते चार वाक्यांत लिहा.
५. पूर्वी खरे असलेले, पण आज बदललेले एक उत्तर शोधून आणा.