आपल्या तेलाची आपणच वाफ करणारी ज्योत : कुक्कुटगृहाच्या शुद्धीसाठी रॉकेलची फ्लेमगन

गुजरातच्या सीमेला लागून असलेला नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुका कुक्कुटपालनासाठी प्रसिद्ध आहे. भारतात बर्ड फ्ल्यू या रोगाचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये याच ठिकाणी आढळून आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथील कुक्कुटगृहांत हा रोग पुन्हा उद्भवला. रोगास आळा घालण्यासाठी दोन्ही वेळा लाखो पक्षी नष्ट करावे लागले आणि अनेक कुटुंबांचे भांडवल काही दिवसांत मातीमोल झाले. कुक्कुटगृहाची शुद्धी हे केवळ टापटिपीचे काम नसून धंद्याच्या रक्षणाचे काम आहे, हा धडा या आपत्तीने शिकविला.

पक्ष्यांची एक तुकडी विकल्यानंतर दुसरी आणण्यापूर्वी घराची जमीन, कोपरे व जाळ्या ज्योतीने शेकून घेण्याची पद्धत कुक्कुटपालकांत रूढ आहे. या कामाच्या उपकरणास फ्लेमगन म्हणतात. त्याचाच लहान प्रकार म्हणजे कारागिरांजवळ असणारा ब्लो-लॅम्प. उपकरण उपयुक्त खरे, परंतु त्याची रचना न समजता जो ते हाताळतो त्याच्या हातून कोंबड्यांच्या रोगजंतूंऐवजी घरच जळण्याचा संभव असतो. यास्तव ग्रामकार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी ही रचना प्रथम नीट समजून घ्यावी.

तेल जळत नाही, वाफ जळते

रॉकेल द्रवरूपात जळत नाही; त्याची वाफ हवेत मिसळली म्हणजेच ती जळते. घरातील चिमणीत वात थोडे थोडे तेल वर ओढते, ज्योतीच्या उष्णतेने वातीच्या टोकाशी त्याची वाफ होते व ती जळते. परंतु तेथे वाफेस पुरेशी हवा मिळत नाही. म्हणून ज्योत पिवळी राहते, काजळी धरते आणि तिची आच मंद असते. एक किलो रॉकेल पूर्ण जळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते. एवढी हवा ज्योतीपर्यंत पोहोचवावयाची तर वातीचा उपाय अपुरा पडतो.

यावर स्वीडन देशातील कारागिरांनी तोड काढली. कार्ल रिचर्ड न्यूबर्ग यांनी १८८२ साली ब्लो-लॅम्प बनविण्यास प्रारंभ केला, आणि १८९२ साली फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी त्याच तत्त्वावर प्रायमस स्टोव्ह तयार केला. पुढे जर्मनीत मॅक्स ग्रेट्झ यांच्या पेट्रोमॅक्सने हेच तत्त्व प्रकाशासाठी वापरले. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरविलेली गॅसबत्ती, चहाच्या दुकानातील फुरफुरणारा स्टोव्ह आणि कुक्कुटगृहातील फ्लेमगन ही तिन्ही अशा रीतीने एकाच कुळातील भावंडे होत. गॅसबत्तीत 'गॅस' म्हणून जो जळतो तो दुसरा काही नसून रॉकेलचीच वाफ होय.

उपकरणाची रचना

फ्लेमगनचे मुख्य भाग पाच आहेत.

पहिला भाग टाकी. ती तीन-चतुर्थांशच भरावयाची असते. उरलेली जागा हवेसाठी हवी. दुसरा भाग पंप. त्याच्या दांड्याच्या टोकास चामड्याचा वायसर असतो. पंपाने टाकीत हवा कोंडली म्हणजे ती हवा तेलाला नळीतून वर ढकलते. तिसरा भाग वाफेची नळी. ही धातूची नळी ज्योतीच्या घेरातूनच वेटोळे घेऊन जाते. चौथा भाग निपल. त्याचे छिद्र अत्यंत बारीक असून स्टोव्हच्या निपलमध्ये ते सुमारे ०.३ मिलिमीटर असते. पाचवा भाग म्हणजे ज्योतीचे नळकांडे. त्याच्या मागील बाजूस हवा आत येण्यासाठी भोके असतात.

आता यांचे एकत्र कार्य पाहू. दाबाखालील तेल तापलेल्या वेटोळ्यात शिरते व तेथे त्याची वाफ होते. वाफ निपलच्या छिद्रातून मोठ्या वेगाने बाहेर पडते आणि त्या वेगामुळे मागच्या भोकांतून भरपूर हवा आपल्याबरोबर ओढून नेते. हवा व वाफ यांचे हे मिश्रण निळ्या, धूररहित ज्योतीने जळते. त्या ज्योतीची थोडी उष्णता पुन्हा वेटोळ्यास मिळते व पुढील तेलाची वाफ करते. याप्रमाणे हे चक्र आपले आपण चालू राहते.

रॉकेल जळून जी उष्णता निघते तिचा सुमारे पन्नास ते साठावा भागच त्याची वाफ करण्यास पुरतो. पन्नास रुपयांच्या मिळकतीतील एखादा रुपया बियाण्यासाठी राखून ठेवावा तसा हा हिशेब आहे. मात्र तो रुपया बियाण्यावरच खर्च झाला पाहिजे. म्हणजेच ती उष्णता वेटोळ्यालाच मिळाली पाहिजे. वाऱ्याने ज्योत बाजूला झुकली, वेटोळे थंड पडले की चक्र तुटते.

आधी ताप, मग दाब

चक्र तुटले म्हणजे काय होते ते नीट लक्षात घ्यावे. टाकीतील दाब तर कायम असतो. तो तेल ढकलीतच राहतो. वेटोळे थंड असल्यामुळे निपलमधून वाफेऐवजी द्रव तेलाची चिळकांडी उडते, ती पेट घेते आणि पिवळ्या ज्वाळेचा लोळ उठतो. असे तेल जमिनीवर सांडून पेटले तर आग पसरते. स्टोव्हचा भडका म्हणून जे अपघात घरोघरी ऐकिवात आले, त्यांपैकी पुष्कळांचे मूळ इतकेच की जेथे वाफ यावयाची तेथे तेल आले. या अपघातांत आजवर अनेक स्त्रियांनी प्राण गमावले आहेत.

म्हणून पेटविण्याचा क्रम कधीही बदलू नये. उपकरण उघड्यावर, वाऱ्याच्या आडोशास सपाट जागी ठेवावे. हवा सोडण्याचा स्क्रू उघडा ठेवावा, म्हणजे टाकीत दाब राहणार नाही. वेटोळ्याखालील वाटीत स्पिरिट ओतून ते पेटवावे. घरातील स्टोव्ह पेटविताना काकडा वापरीत असत त्याच हेतूने. स्पिरिट जळून संपत आले म्हणजे स्क्रू घट्ट करून पंपाचे दोन-तीनच हात मारावेत. निळी ज्योत स्थिर झाल्यावरच दाब हळूहळू वाढवावा. ज्योत पिवळी येऊन तेल उडू लागल्यास घाईने पंप मारणे ही सर्वांत मोठी चूक होय. अशा वेळी हवा सोडावी, पूर्ण निवू द्यावे आणि नव्याने तापवावे. जळत्या किंवा गरम वाटीत पुन्हा स्पिरिट कदापि ओतू नये.

दोष व त्यांची कारणे

ज्योतीकडे पाहून उपकरणाची प्रकृती ओळखता येते. ज्योत पिवळी, लांब व काजळी धरणारी असेल तर वेटोळे पुरेसे तापलेले नाही, हवेची भोके बुजली आहेत किंवा निपलचे छिद्र मोठे झाले आहे असे समजावे. जाड तारेने पिन मारल्याने छिद्र मोठे होते. नेमून दिलेल्या पिनेखेरीज दुसरे काही वापरू नये. ज्योत बारीक होऊन दम टाकीत असेल तर दाब कमी आहे किंवा वेटोळ्यात कोळशाचा थर बसला आहे. तेल अतिशय तापले म्हणजे नळीत असा थर साठतो. तो मिस्त्रीकडून साफ करवून घ्यावा. पंप मारूनही दाब धरत नसेल तर वायसर सुकलेला असतो. त्यास तेल देऊन नरम करावे, न झाल्यास बदलावा. टाकीचा सांधा झिरपत असेल तर मात्र दुरुस्ती होईपर्यंत उपकरण पेटवूच नये.

इंधनाविषयी दक्षता

रॉकेलच्या उपकरणात पेट्रोल किंवा पेट्रोलमिश्रित तेल घालणे म्हणजे मृत्यूस निमंत्रण होय. पेट्रोलची वाफ थंडीतही सुटते व ठिणगीने पेटते. रॉकेल त्या मानाने बरेच तापल्याशिवाय पेट घेत नाही. या फरकावरच उपकरणाची सुरक्षितता अवलंबून आहे. तेल गाळून भरावे, आणि उपकरण गरम असताना टाकीचे झाकण उघडू नये.

रेशनवरील रॉकेल आता पूर्वीसारखे मिळत नाही, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी सिलिंडरच्या गॅसवर चालणारी फ्लेमगन आली आहे. सिलिंडरमधील द्रव गॅसाची वाफ भोवतालच्या उष्णतेनेच होते, म्हणून तेथे स्पिरिटने तापविण्याची गरज नाही. परंतु सिलिंडर आडवा केला तर तेथेही वाफेऐवजी द्रव बाहेर येऊन भडका उडतो. सिलिंडर सदैव उभा व ज्योतीपासून दूर ठेवावा.

कुक्कुटगृहात उपयोग

ज्योत फिरविण्यापूर्वीचे काम अधिक महत्त्वाचे आहे. घरातील सर्व पक्षी हलवावेत. तुसाची जुनी गादी, पिसे, कोळिष्टके व खाद्याची धूळ काढून दूर न्यावी, कारण या सर्व वस्तू पेट घेणाऱ्या आहेत. पडदे, पोती, प्लॅस्टिकच्या नळ्या व भांडी बाहेर काढावीत. विष्ठेचे थर खरवडावेत, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने जमीन घासून धुवावी आणि ती पूर्ण वाळू द्यावी. ओल्या काँक्रीटवर तीव्र ज्योत धरल्यास त्याचे कपचे उडतात.

मग जमीन, कोपरे, फटी व तारेच्या जाळ्या यांवरून ज्योत सावकाश व सलग फिरवावी. गोचिडांची अंडी फटींत लपलेली असतात, आणि रक्ती हगवणीचे जंतू पुष्कळशा जंतुनाशक औषधांना दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी उष्णता हाच खात्रीचा उपाय. परंतु ज्योतीचा ताप पृष्ठभागापुरताच पोहोचतो. बर्ड फ्ल्यूचा विषाणू ६० अंश सेल्सियस उष्णतेत मरावयास सुमारे अर्धा तास लागतो. वरवर फिरलेली ज्योत विष्ठेच्या थराखालील विषाणूपर्यंत पोहोचत नाही, हे यावरून उघड होईल. म्हणून घासणे, धुणे, वाळविणे, शेकणे, चुन्याचा हात देणे व शेवटी जंतुनाशक फवारणे हा क्रम पाळावा आणि त्यानंतर घर काही दिवस रिकामे ठेवावे. फवारणी अथवा धुरी आणि ज्योत ही कामे एकाच वेळी करू नयेत.

काम दोघांनी मिळून करावे. एकाने ज्योत धरावी, दुसऱ्याने वाळूची बादली व पाणी घेऊन पहारा द्यावा. पेटलेल्या रॉकेलवर वाळू टाकावी, पाणी टाकू नये. पाणी तूस-पिसांच्या आगीसाठी ठेवावे. अंगात सुती व अंगाबरोबर बसणारे कपडे असावेत. पदर व धोतराचा सोगा खोचून घ्यावा. काम संपल्यावर ज्योत विझवून उपकरण उघड्यावर निववावे व दाब सोडावा. कोणास भाजल्यास भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. हळद, शाई किंवा तेल न लावता दवाखान्यात न्यावे.

हे उपकरण कोठे वापरू नये

अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांवर घरे बांबूची, कुडाची असतात आणि गावठी कोंबड्या डालग्यात किंवा घराच्याच कोपऱ्यात ठेवण्याची चाल आहे. तेथे फ्लेमगन नेणे म्हणजे घराला काडी लावणेच होय. अशा ठिकाणी डालगी धुऊन कडक उन्हात वाळवावीत, कुडास शेणमातीचा नवा लेप द्यावा आणि जमिनीवर चुना भुरभुरावा. ऊन हीच तेथली फ्लेमगन समजावी.

तसेच पक्षी अचानक व मोठ्या संख्येने मरू लागले तर ज्योतीने घर शेकून प्रश्न सुटेल अशा भ्रमात राहू नये. मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नयेत, विकू नयेत; जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये अशी खबर देणे हे मालकाचे कर्तव्यही आहे.

गावातील प्रात्यक्षिक

ग्रामकार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकास आरंभ चिमणीपासून करावा. तिची पिवळी ज्योत व काजळी प्रथम दाखवावी. नंतर स्टोव्ह किंवा फ्लेमगन न पेटविता तिचे पाच भाग प्रत्येकाच्या हातात द्यावेत. शेवटी उघड्या मैदानात, वर सांगितलेल्या क्रमाने ती पेटवून निळी ज्योत दाखवावी. पाहणाऱ्यांपैकी एकाकडून तोच क्रम वदवून घ्यावा, आणि ज्यास तो तोंडपाठ नाही त्याच्या हाती उपकरण देऊ नये.

आपल्याच तापाने आपले इंधन तयार करणारी ही ज्योत मोठी गुणाची सेवक आहे. तिला आधी ताप व मग दाब द्यावा एवढी तिची अट आहे. ती पाळणाऱ्याचे कुक्कुटगृह शुद्ध राहील आणि त्याचे घरही सुरक्षित राहील.