चांगला हात बांधून ठेवा!

आजोबांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवा हात लुळा पडला. घरात सगळे प्रेमाने भरवायचे. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी उलटंच सांगितलं : चांगल्या डाव्या हातात जाड हातमोजा घाला, कामं उजव्यालाच करू द्या! ही कन्स्ट्रेंट थेरपी. (मराठी शब्द सापडला नाही, कॉन्व्हेंटवाला आहे, सांभाळून घ्या.) अमेरिकेच्या एडवर्ड टॉब यांनी ती रुजवली. हात पडून राहिला की मेंदू तो वापरायचंच सोडतो. सतत वापरला की मेंदूतले दुसरे भाग ते काम उचलतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ पेशंटांच्या चाचणीत दोनच आठवडे मोजा होता, पण जागेपणीचा ९० टक्के वेळ! मात्र मनगट-बोटं थोडीतरी उघडायला हवीत, नाहीतर नुसता छळ. आजोबांची उघडत होती. पहिल्या दिवशी चार शेंगदाणे उचलायला वीस मिनिटं लागली, आजी रडली. आता शर्टाची बटणं स्वतः लावतात, वरचं सोडून.