उभ्या झाडाचे मोल

कोकणातील बरेचसे जंगल खाजगी मालकीचे आहे, ही गोष्ट निसर्गरक्षणाचा विचार करताना ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पैशाची नड भासली की मालक झाडे लाकूडफाट्यासाठी विकतो. तेव्हा उभे झाडही उत्पन्न देते, हे त्याच्या अनुभवास आले पाहिजे.

पुण्याची 'अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन' ही संस्था याच दिशेने प्रयत्न करीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात ती जमीनमालकांशी करार करते. ठरलेल्या मुदतीत जंगल तोडावयाचे नाही आणि त्याबद्दल मोबदला द्यावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे.

बेहड्याचे उदाहरण बोधप्रद आहे. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटे करतो. मादी ढोलीचे तोंड लिंपून आत अंडी उबविते व नर फटीतून तिला अन्न भरवितो. असे झाड तोडल्यास नवे रोप कित्येक दशके त्याची उणीव भरून काढू शकत नाही. बेहड्याचे फळ मात्र त्रिफळा चूर्णासाठी दरवर्षी लागते. संस्थेने या फळांसाठी 'फेअरवाइल्ड' प्रमाणपत्र मिळविले. त्यानुसार फळे मर्यादेतच गोळा करावयाची, काही पशुपक्ष्यांसाठी व बीजासाठी राखावयाची आणि गोळा करणारास रास्त भाव द्यावयाचा असतो.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायत स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या असतात. त्यांनी लोकजैवविविधता नोंदवहीत देवरायांबरोबरच ढोलीची जुनी झाडेही नोंदवावीत. शाळांनी या कामी साहाय्य केल्यास तोडीपूर्वीच ती झाडे गावाच्या नजरेत राहतील.